जिनातली व्हॅन आणि बाबांचं जेवण

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी यांनी ती व्हॅन घरी आणली. आणली म्हणजे चालवत नव्हे. दोन बैलजोड्या जुंपून, जळगाव जामोदच्या भर बाजारातून ओढत. वेगळा महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. बाजारात कोणीतरी गंमत म्हणून तिच्या बोनेटवर झेंडूचा हार टाकला होता, आणि आमचे हे पुढे नवरदेवासारखे चालत होते. मी दारात उभी राहून पाहिलं आणि मनात म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन सांभाळायचे. व्हॅन जिनाच्या मालकाची. मोठ्या लढाईनंतर लष्कराचं जुनं सामान विकलं गेलं त्यात घेतलेली. चारेक वर्षं चालली आणि मग जिनामागच्या लिंबाखाली पडून गंजली. एक दिवस तिच्या सीटखाली साप निघाला तेव्हा मालक यांना म्हणाले, घेऊन जा बाबा एकदाची. कागद मात्र मालकांच्याच नावावर राहिले. गाडी चालती झाली की बुलढाण्याच्या ऑफिसात नेऊन नाव बदलू, असं ठरलं.

ती चालती होईल असं यांच्याशिवाय कोणालाही वाटत नव्हतं. पत्र्यावर बोट दाबलं की पापडासारखा तुकडा हातात यायचा. नट असे जाम झालेले की ते सोडवायला यांनी माझ्या स्टोव्हचं रॉकेल त्यांना पाजलं, आणि आम्ही दोन दिवस चुलीच्या धुरात बसलो. मी भांडले. माझा स्वभावच तसा आहे, पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही. यांचं उलटं. मी अर्धा तास बोलायची आणि हे गाडीखालून विचारायचे, "तो अकरा नंबरचा पान्हा दे व जरा."

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे. बाबा दुसरबीडचे सुतार. आई मी लहान असतानाच गेली. त्यांनीच मला वाढवलं, पिठलं करायलासुद्धा त्यांनीच शिकवलं. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते आणि तिला न्यायला माहेरचा माणूस येतो. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नसल्यामुळे माझा मुराळी म्हणजे बाबाच. तीन एस.ट्या बदलून, डोक्याला पांढरं पागोटं बांधून ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला यायचे.

यायचे आणि माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. चौकातल्या विहिरीवर पाणी प्यायचे आणि बसस्टँडवर जाऊन आपली शिदोरी सोडायचे. पहिल्या वर्षी मी हसले. तिसऱ्या वर्षी दार लावून रडले. आम्हाला मूल होत नव्हतं, आणि बाबांचं प्रत्येक न घेतलेलं पाणी मला ते नव्यानं सांगत होतं. त्यांना तसं सांगायचं नव्हतं हे मला कळत होतं, तरी लागायचं.

"बाबा, लेकरू झालंच नाही तं?" एकदा मी विचारलंच. "जन्मभर उपाशी परत जासान?"

"न्हाई गं माय, तसं बोलू न्हाई," ते म्हणाले आणि पागोटं सारखं करत बसले.

तिसऱ्याच वर्षी ते व्हॅनजवळ गेले. अशा जुन्या गाड्यांचा वरचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला असतो. कुजलेलं लाकूड काढून यांनी नवीन सागवानी पट्ट्या बसवल्या होत्या, स्क्रू घट्ट आवळून. बाबांनी बोटाच्या पेरानं एक पट्टी वाजवली, मग दुसरी. तोंडानं नुसतं "च्च" केलं.

"जवाईबापू, हे तडकंल."

"काऊन? चांगलं घट्ट केलं मामाजी."

"घट्ट केलं म्हनूनच. गाडी बैलाची असो का इंजिनाची, तिला थोडं हलू द्यावं लागतं."

आमचे हे ऐकून घेणारे. त्यांनी सगळे स्क्रू काढले. बाबांची सकाळची एस.टी. चुकली, खरं तर त्यांनी ती चुकवलीच. बैलगाडी करतात तसं त्यांनी खाचेत खुंटी बसवून, एक खिळा न वापरता, एका बाजूचा सांगाडा जोडला. ऊन वैशाखाचं. दुपारी त्यांना गरगरलं आणि ते व्हॅनच्या आतच फळीवर बसले. मी पाणी घेऊन धावले तर त्यांनी हात जोडले. मला इतका राग आला की तांब्या तिथंच आदळावा असं वाटलं.

तेव्हा हे गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि अगदी सहज म्हणाले, "मामाजी, एक सांगू का? ही गाडी काही माह्या नावावर नाही. कागद जिनवाल्याचे हायेत. तुम्ही बसले ते जिनवाल्याच्या जागेत. मंग इथं खाल्लं-पेलं तं लेकीच्या घरचं कसं होईन?"

बाबांनी फळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. सुतार माणूस, कुठल्याही सांध्यात बोट घालून पाहणारा. मग म्हणाले, "व्हय. बसतं हे नेमात." आणि तांब्या तोंडाला लावला.

त्या दिवशी मी त्यांना वरण, भात आणि आंब्याचा रस वाढला. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या दारी बापाला जेवताना पाहिलं. मी व्हॅनच्या दाराशी उभी होते, कारण आत जागा नव्हती आणि बसले असते तर रडले असते.

पुढं दरवर्षी ते आखाजीच्या आठ दिवस आधी यायला लागले. जिनाचा हंगाम तेव्हा संपलेला असायचा. लोखंड यांचं, लाकूड बाबांचं. व्हॅनमध्येच बाबांचा बिछाना, व्हॅनमध्येच जेवण. उरलेलं वर्ष हे एकटेच काम करायचे. एखादा भाग मिळायला दोन-दोन वर्षं जायची. गावातले लोक विचारायचे, "काय, कुठवर आली गाडी?" आणि हे म्हणायचे, "येऊन राह्यली." मला आता ती अडगळ वाटत नव्हती. मी तिला सारवायचीच काय ती बाकी ठेवली होती. अशी लग्नाची नऊ वर्षं गेली. मूल झालं नाही.

दहाव्या आखाजीला बाबांनी मागचं दार बसवलं आणि त्याच संध्याकाळी यांनी हँडल मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. बाबा दोन्ही हात दारावर ठेवून उभे होते, लाकूड कसं थरथरतंय ते पाहत. हे म्हणाले, "आता रंग द्याचा अन् बुलढाण्याले नेऊन कागद करायचे." कसल्याशा फॉर्मवर त्यांनी बाबांचा अंगठाही घेतला. साक्षीदार लागतो म्हणाले.

सगळे खूश होते आणि मी मात्र त्या कागदांवरच अडकले होते. कागद झाले की गाडी यांची. गाडी यांची म्हणजे माझी. म्हणजे पुढच्या आखाजीला बाबा पुन्हा विहिरीवर आणि बसस्टँडवर.

आयुष्यभर तोंड चालवलेली बाई मी, पण हे मला बोलता आलं नाही. नवऱ्याच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीला "थांबा" कुठल्या तोंडानं म्हणायचं? माहेरून परत आल्यावर एका दुपारी मी बोनेट उघडलं. प्लगांना करंट वाटून देणारं एक काळं टोपण असतं, ते दोन क्लिपा काढल्या की हातात येतं. इतकी वर्षं पान्हे देता-देता मी तेवढं शिकले होते. ते टोपण फडक्यात गुंडाळलं आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी घातलं.

यांनी शोध शोध शोधलं. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर शोधत होते, नको इतकं. दोनदा ते अकोल्याला जाऊन आले. तसं जुनं टोपण आता मिळत नाही म्हणाले. नवीन रंग दिलेली व्हॅन वर्षभर अंगणात उभी राहिली.

आणि त्या आखाजीला मुराळी आलाच नाही. मी पिशवी भरून तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं, बाबांच्या शेजाऱ्यानं लिहिलेलं. माझ्याकडं येताना चिखलीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना ते पडले होते. पाय मोडला. डॉक्टरांनी बांधलाय, पण पहिल्यासारखा होणार नाही.

मी तिथंच बसले. माझ्या डोळ्यांपुढं एकच हिशेब होता. टोपण जागेवर असतं, तर गाडी कधीच चालती झाली असती. गाडी त्यांना आणायला गेली असती. ते एस.टी.त चढलेच नसते. बाबांचा पाय मी मोडला.

पिठानं माखलेलं टोपण मी यांच्या हातात ठेवलं आणि मान खाली घातली. यांनी ते उजेडात धरलं. फुंकर मारून पीठ उडवलं, फडक्यानं पुसलं.

"मले माहीत होतं," मग म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात. भाकरीले इंजिनाचा वास येऊन राह्यला होता."

"मंग अकोल्याले कायले गेले होते दोन खेपा?"

"नाही गेलो असतो तं तुले समजलं असतं, मले माहीत हाये म्हणून."

"अन् बोलले काऊन नाही?"

"तू सांगशीन म्हणून थांबलो. तुह्या पोटात एखादी गोष्ट इतके दिवस राह्यते हे पहिल्यांदाच पाह्यलं." हे हसले आणि मग त्यांचाही चेहरा पडला. "मीही बोलाले पाह्यजे होतं. चूक दोघांची."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पूर्णा ओलांडली, नांदुरा मागं टाकला. राजूरच्या घाटात गाडीचं पाणी उकळलं आणि तिथं दगडावर बसून आम्ही शिदोरी खाल्ली. बुलढाण्यात दोन दिवस धर्मशाळेत राहिलो. हे ऑफिसात खेटे घालत होते. तिसऱ्या दिवशी कागद रुमालात बांधून आणले. मी पाहायला मागितले तर दिले नाहीत. मीही जोर केला नाही. त्या कागदांवर माझा काही हक्क उरलाय असं मला वाटत नव्हतं.

दुसरबीडला बाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. गाडीचा आवाज त्यांनी ओळखला. मी जवळ गेले, पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, टोपणाचं, पिठाच्या डब्याचं. त्यांनी ऐकलं.

"माझं जेवन वाचवायला केलंस ना?" ते म्हणाले. "मंग जाऊ दे पाय. म्हातारपनी कुठं नाचायचंय मला." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"बाबा, मी मुराळी आली. तुमाले न्याले आली. आता आमच्याजवळच राहा."

त्यांचा हात थांबला. "तसं कसं माय? लेकीच्या घरी ऱ्हात न्हाईत. जेवायचं कुठं मी? आता तर गाडीबी जवाईबापूची झाली."

यांनी रुमाल सोडून कागद माझ्यापुढं धरले. "वाच."

मी वाचलं. गाडीचा मालक म्हणून बाबांचं नाव होतं. त्यांच्या वडिलांचं, आडनाव, मुक्काम दुसरबीड, सगळं. साक्षीदाराचा म्हणून घेतलेला तो अंगठा गाडीच्या नव्या मालकाचा होता. मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं, कारण बाबांना वाचता येत नव्हतं.

"जवाईबापू," बाबा म्हणाले, "दहा वर्षं घातली तुम्ही तिच्यात."

"तुमचीबी आठ हायेत मामाजी. अन् लाकूड तर सगळंच तुमचं. चला आता, तुमच्या गाडीत बसा. मी डायवर हावो."

त्या माणसाशी मी कितीदा भांडले असेन. त्या दिवशी ओट्यावर, अख्ख्या आळीसमोर, मी त्यांच्या पाया पडले. ते भलतेच लाजले.

बाबा पुढं सहा वर्षं आमच्या अंगणात, आपल्या व्हॅनमध्ये राहिले. माझ्या उंबऱ्याच्या आत येऊन ते कधीच जेवले नाहीत. मी दोन्ही वेळा ताट घेऊन अंगणातून दहा पावलं जायची. मी वाढलेल्या ताटाला ते हसून हात लावायचे आणि म्हणायचे, तुझंबी ताट आन, बापाच्या घरी लेक उपाशी बसत न्हाई.

पहिली आखाजी आली तेव्हा मी ती विसरूनच गेले होते. जायचं कुठं होतं आता? सकाळी भांडी घासत होते. बाहेर काठीचा आवाज आला. पाहते तर बाबा, पांढरं पागोटं बांधून, दुखऱ्या पायानं दहा पावलं चालत माझ्या दाराशी येऊन उभे. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी हाक मारली, पहिल्या वर्षी मारली होती तशीच.

"मुराळी आलोय हो. लेकीला धाडा."

मी हात धुतले, पिशवीत दोन लुगडी भरली आणि बाबांबरोबर माहेरी निघाले.