तेलाच्या तोंडाला सोडणाचं बूच

मालवण ते कुडाळ स्टेशन आणि परत. २००३च्या सुमारास मी एक जुनी टॅक्सी चालवत होतो, आणि घरात मिळकत म्हणावी ती तेवढीच. इंजिनात तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण पार कामातून गेलं होतं. आतला रबरी वायसर कडक झालेला, आटे झिजलेले. रोज बॉनेट उघडायचं, फडक्यानं तेल पुसायचं, झाकण आवळायचं आणि 'उद्या नवीन घेऊ' म्हणायचं. दुकान स्टेशनच्या वाटेवरच होतं. पण जाताना प्रवाशांची रेल्वेची घाई, आणि येताना मला फक्त अंथरूण दिसायचं.

एके दिवशी कसालच्या पुढे झाकण कुठेतरी उडालंच. तेलानं माखलेलं इंजिन घेऊन घरी आलो, जेवलो आणि आडवा झालो. उठून बघतो तर वडील बॉनेटपाशी. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, कोयत्यानं तासून त्यांनी त्या तोंडात बूच ठोकलं होतं.

"होडयेक चलता, मगे गाडयेक कित्याक चलूचा नाय? आता एक थेंब गळूचो नाय."

खरंच गळला नाही. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस दुकानावरून तसाच गेलो.

पण सोडण पाण्यात फुगतं, म्हणून होडीचं भोक धरून ठेवतं. गरम तेलात त्याचा काथ्या सुटत जातो. इंजिन जाम झालं तेव्हा मेकॅनिकनं खालचं चेंबर खोललं, तर तेल ओढायची जाळी काथ्यानं गच्च भरलेली.

वडील घराबाहेर वाट बघत उभे होते. "काय म्हणता तो?"

मी दमलो होतो, साऱ्या जगाचा राग आलेला. "तुमच्या सोडणान माझा इंजिन खाल्ल्यान, बाबानू! परत गाडयेक हात लावू नकात."

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. पंधरा दिवस झाकण मी आणलं नव्हतं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. ते वळले आणि घरात गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

इंजिन बांधून घेतलं, नवं झाकण बसवलं, त्याचा वायसर मी वेळच्या वेळी बदलू लागलो. पुढे वडिलांना दवाखान्यात न्यायचं असलं की ते गाडीपाशी येऊन उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे धरून. मी दार उघडेपर्यंत.