डाळ शिजेना, बोअर सील करा

"बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. पाणी नापास आहे. बोअर सील करून टाकू," साहेब माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले. माझ्यासमोर फ्लास्कमध्ये गुलाबी झालेलं पाणी होतं. त्या गुलाबी रंगामुळेच सहीला हात उठत नव्हता.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिस नवं, खुर्च्या नव्या, नळ नवे. नळाला पाणी तेवढं नव्हतं. आमच्या लॅबच्या खिडकीबाहेर सरकारी इमारतीचं बांधकाम चालायचं आणि भिंतींवर मारायला पाणी नाही म्हणून मिस्त्री दिवसभर ओरडायचा. मी नांदेडची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली. लातुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात केसांचा खराटा झाला. हार्डनेस म्हणजे काय हे कॉलेजात शिकले होते, ते इथं डोक्यात शिरलं.

हार्डनेस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही. वैताग येतो, पण माणूस त्यानं मरत नाही.

त्या दुष्काळात एका गल्लीत बोअरला पाणी लागलं. जागा अप्पांची. अप्पा म्हणजे गल्लीतले किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की उधारीवाला रस्ता बदलून जाई. पण बोअरसाठी परसातली जागा त्यांनी फुकट दिली आणि शेजारी सगळ्यांसाठी हौदही बांधला. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि लगेच तक्रार आली. पाणी तोंडाला झोंबतं, वर पांढरी साय धरते, डाळ तर खड्यासारखी राहते. कुणीतरी 'विष' म्हणालं, आणि अर्ज वरपर्यंत गेला. साहेबांना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बोअर सील झाली असती तर त्या गल्लीला टँकरशिवाय दुसरा वाली नव्हता, आणि टँकर त्याच्या मर्जीनं यायचा.

शिपायानं आणलेल्या पाण्याचा हार्डनेस खरंच हाताबाहेर होता. पण मी आणखी एक टेस्ट केली. एका औषधाचे दोन थेंब टाकायचे. जमिनीतलं साधं पाणी त्यानं सहसा रंग बदलत नाही. चुन्याचं पाणी गुलाबी होतं.

"साहेब, हा चुना आहे."

"मग? आपल्याकडं जमिनीत चुनखडी असतेच की."

"चुनखडी वेगळी आणि पानाला लावायचा चुना वेगळा. हा पानाचा आहे." मी शिपायाकडं वळले. "पाणी कुठनं भरलं?"

"हौदाच्या तोटीतनं, म्याडम."

"मला बोअरच्या पायपातलं हवं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कपाळाला हात लावला आणि जीप काढायला सांगितली.

अप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. एरवी तिथं बसायला जागा मिळत नसे.

"या बाई. सील करायला आलात व्हय?" आवाज पार खाली गेलेला. "म्या इष कालवलं म्हणायलेत लोक. परवा ज्यांनी परसाद खाल्ला, त्येच बोलायलेत."

मी हौदाच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवला. तळवा पांढराफेक.

"अप्पा, आतून चुना दिला?"

"मंग? नवं घर काय, नवा हौद काय, चुना दिल्याबिगर पूजा करतेत व्हय?"

"आणि पहिलं पाणी ओतून दिलं?"

शेजारची काकू डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "ओतायचंच असतंय बाई, दोन-तीन डाव. म्हायती हाय समद्यांला. पण असल्या दुष्काळात पाणी ओतायला हात कुणाचा उठंल?"

मोटर सुरू करून पाणी थोडा वेळ वाहू दिलं, मग पायपातून बाटली भरली आणि तिथंच थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काहीच झालं नाही. तेच तर हवं होतं."

पण हौद रिकामा करायला हवा म्हटल्यावर अप्पा तोटीसमोर हात पसरून उभे राहिले. "न्हाई! भरला हौद ओतायचा? पाप लागंल. मला बी आन तुमाला बी." साहेबांचा पारा चढला. मला मात्र आमच्या खिडकीबाहेरचा मिस्त्री आठवला.

"अप्पा, ओतायचं नाही. नव्या ऑफिसच्या भिंतींना द्यायचं. त्यांना चुन्याचं पाणी चालतं."

अप्पांचे हात खाली आले. साहेब त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. बैलगाडीवर टिपाडं चढली, पाणी गेलं, आणि अप्पांशी अबोला धरलेली माणसं काथ्या घेऊन हौदात उतरली.

लॅबमध्ये बोअरच्या पाण्याची पुरी तपासणी केली. पाणी जड होतं, पण पिण्याजोगं होतं. दिवे लागायच्या आत सही करून रिपोर्ट साहेबांच्या हातात दिला. इतक्या आनंदानं मी क्वचितच सही केली असेल.

दुसऱ्या दिवशी अप्पा डबा घेऊन लॅबमध्ये आले. आवाज परत आला होता.

"बाई, आज पयल्या कळशीला लोकांनी मलाच म्होरं ढकललं! ही बगा डाळ. येळ लागतोय, पण शिजती."

साहेबांनीही चमचाभर वरण घेतलं. "दाताखाली येतंय जरा," ते म्हणाले.

"हार्डनेस," मी म्हणाले आणि डबा पुसून खाल्ला.

पुढं नोकरीभर, कुणी बाटली आणून ठेवली की मी आधी विचारायची, पाणी कुठनं भरलं? आणि मग, हौदाला चुना कधी दिला?