आगीची गोळी

आबांच्या तळपायांची आग व्हायला लागली तेव्हा आमच्या घरात पहिला संशय उन्हावर गेला, मग चपलांवर, आणि शेवटी मायच्या भाजीतल्या तिखटावर. अंगात साखर आहे हे आबांना ठाऊक होतं, पण त्यांच्या मते तो बसून खाणाऱ्यांचा आजार. जन्मभर मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला साखर काय करणार? "चालून चालून जिरती ती," असं म्हणायचे आणि गोड चहाची बशी तोंडाला लावायचे. माझे वडील म्हणून सांगत नाही, पण एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आग वाढली तशी माय झोपताना त्यांच्या पायांना ओलं फडकं गुंडाळायला लागली. शेवटी मी परळीहून आले आणि त्यांना ओढतच अंबाजोगाईला डॉक्टरांकडं नेलं. दोन गोळ्या मिळाल्या, एक साखरेची आणि एक नसांची. नसांच्या गोळीच्या पाकिटावर असिटाइल-एल-कार्निटिन असं छापलेलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं मला ते नाव वाचून वाटलं.

परळीच्या पोरांना पेशी समजावणं सोपं जातं. वीज केंद्रात कोळसा कसा येतो हे त्यांना सांगावं लागत नाही. मी सांगते, कार्निटिन हा पेशीतला हमाल. चरबीचे लांब तुकडे उचलून तो पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात पोचवतो. भट्टीत अर्धवट जळालेला माल फार साचला की तोच हमाल तो पाठीवर घेऊन बाहेर येतो. त्या मालाचं नाव असिटाइल, आणि तो पाठीवर घेतलेल्या हमालाचं नाव असिटाइलकार्निटिन. तो माल म्हणजे राख नव्हे, दुसरीकडं नेऊन पुन्हा जाळता येतो. साखरेच्या आजारात ही ने-आण बिघडते, भट्टी तुंबते, आणि ज्या नसा फार लांब असतात त्यांचे हाल आधी सुरू होतात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ही गोळी काहींना उपयोगी पडते, काहींना नाही. खरं काम साखर आवरण्याचं आहे. आबांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. नसांच्या गोळीला त्यांनी 'आगीची गोळी' असं नाव दिलं आणि ती देवाच्या प्रसादासारखी घ्यायला लागले. साखरेची गोळी आठवली तर.

मायनं तिच्या बाजूनं वेगळा इलाज केला. अंबाजोगाईच्या देवीला नवस बोलली की आग जाऊ दे, नवरात्रात यांना अनवाणी ठेवीन. आमच्याकडं घट बसले की पुष्कळ माणसं दसऱ्यापर्यंत चपला सोडतात, त्यात नवल काही नाही. नवस बोलली माय आणि पाय मात्र आबांचे. आमच्या घरात कामाची वाटणी बहुतेक अशीच असते.

पावसाळा सरता सरता आग गेली. हळूहळू कमी झाली आणि एक दिवस आबा म्हणाले, "आता लई गार वाटतंय बघ." मायनं गल्लीत पेढे वाटले. साखरेच्या रोग्याच्या घरचे पेढे! पण मीही खाल्ला, आणि आनंदानं खाल्ला. माय म्हणाली देवी पावली, आबा म्हणाले गोळी लागू पडली, आणि मला दोन्ही चाललं. आग गेली कुठं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

घट बसले आणि आबांनी चपला सोडल्या. मी सुट्टीला घरी आले तेव्हा ते मेंढरं कोंडून नुकतेच घरात येत होते. मायनं ओसरी सारवलेली होती. तिच्यावर त्यांच्या उजव्या पावलाचा लाल ठसा उमटला, मग दुसरा, मग तिसरा. आबा हसत हसत मला विचारत होते, "कवा आलीस गं बाई?" मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं रक्त असावं तसं. वेड्या बाभळीचा काटा टाचेत शिरून आत मोडला होता.

"आबा, दुखत न्हाई?"

"न्हाई की. कावून वरडायलीस?"

मी चपला पुढं ठेवल्या. त्यांनी त्या पायानंच बाजूला सारल्या. दसरा तोंडावर आलेला, नवस अर्ध्यात कसा मोडायचा? मायनं जखमेत हळद भरली, चिंधी बांधली, आणि तेवढ्यावर ते पुन्हा मेंढरांमागं गेले. मी भांडले, रडले, जेवले नाही. आमच्या घरात शिकलेल्या मुलीचं कौतुक फार आणि ऐकणं कमी.

दसरा झाला आणि पाय सुजला. काळा पडला, वास यायला लागला. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि ती बोटांपासून घोट्यापर्यंत सुई टोचत गेली. आबा वाट बघत पडून राहिले. जरा वेळानं म्हणाले, "टोचा की मग."

तिनं मला बाहेर बोलावलं. म्हणाली, "आग होत होती तोवर नसा जिवंत होत्या. त्या मेल्या म्हणून आग थांबली." हे मला कळायला अवघड नव्हतं. ते ऐकून मी जिन्यात बसले. गोळीवर राग काढावा तर तिनं काही वाईट केलं नव्हतं.

पाय गुडघ्याखाली काढला. मेंढरं आता धाकटा भाऊ नेतो. ती रस्त्याला लागली की आबा ओसरीवर बसल्या बसल्या तोंडानं आवाज देतात, आणि मागची दोन-चार वळून उभी राहतात. मला ते बघवत नाही.

माय कमी बोलायला लागली, म्हणून परवा मी तिच्याजवळ बसून तिला सगळं नीट सांगितलं. भट्टी, हमाल, तुंबलेला माल, लांब नसा. यात तुझा दोष नाही, देवीचा नाही, नवसाचा नाही, असं समजावलं. माझं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी तिला आग ने म्हणले," ती म्हणाली. "तिनं नेली. पाय राहू दे म्हणायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. पर बाई, ती बी बाईच हाय की गं. तिला येवढं कळू नये?"