समोरची रास

माय दुपारी चारला उठते, लुगडे सावरते आणि निघते. कुठे, असे विचारले तर म्हणते, "अहेरीच्या गाडीले. बुधरी वाट पाहून राह्यली असन."

बुधरी ही अहेरीकडच्या आमच्या गावातली तिची मैत्रीण. तिला वारून अकरा वर्षे झाली. या उन्हाळ्यात दोनदा माय गडचिरोलीच्या बसस्टँडवर सापडली, तिसऱ्यांदा भर उन्हात रस्त्यावर, अनवाणी. त्या दिवशी माझी पत्नी दुर्गा म्हणाली, "आता दाराले कुलूप लावा. मले का हौस आहे?"

पहाटे जंगलात जाऊन तेंदूपाने तोडून जिने मला बी.कॉम. केले, तिला कोंडायला माझे मन धजेना. डॉक्टर म्हणाले होते, हाताला आवडीचे काम द्या. मी तक्ता केला: दहाला मणी ओवणे, अकराला चित्रे रंगवणे. मायने मणी दुर्गाकडे सरकवले. "पोट्ट्याईले दे हे."

मग ऑफिसातल्या प्रवीणने गावाहून तेंदूपाने आणून दिली. मी सत्तर-सत्तरच्या थप्प्या लावून ठेवल्या. तिने फक्त पुडे बांधायचे. तिने थप्प्या मोडल्या. पानांच्या दोन राशी केल्या, एक स्वतःपुढे, एक समोर, आणि हात मांडीवर ठेवून बसली. चार वाजत आले तशी दाराकडे पाहू लागली.

तेव्हा मला आमची ओसरी आठवली. पुडे बांधायला ती कधी एकटी बसली नव्हती. समोर बुधरी असायचीच.

मी समोरच्या राशीपुढे मांडी घातली.

"उशीर केला तुनं," माय म्हणाली.

"गाडी नाई भेटली."

ती पाने जुळवू लागली. माझा पहिला पुडा होईपर्यंत तिचे तीन झाले. "म्हातारी झाली तू, बुधरी. हात चालत नाई तुये." मग खालच्या आवाजात, "माया पोरगा चांद्याले शिकाले गेला, त एक पत्र नाई. तुले काई समजलं का?"

माय, मी इथेच आहे, हे ओठांवर आले. पण मी पोरगा झालो असतो तर समोरची जागा पुन्हा रिकामी झाली असती, आणि ती उठली असती.

"येईन तो," मी म्हणालो. "पानं सरू दे."

"आला त पयले मले सांगजो," ती म्हणाली आणि पुढचे पान उचलले. साडेचार झाले होते. दार उघडेच होते.