नेटभाऊंचा ग्रुप

गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला सगळे नेटभाऊ म्हणत. खरं नाव बायकोलाही आठवावं लागे. माणूस तसा लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरच्या आत स्टुलं मांडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकटात फोन शिकवायचा. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हे कळवायला गल्लीचा ग्रुप त्यानेच काढला. लोकांची वणवण वाचली, हे कुणीही कबूल करील.

समोर एकट्याच राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी त्याच्या लाडक्या शिष्या. कानांनी ठार बहिऱ्या, त्यामुळे फोनवर बोलणं त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. त्याने त्यांना ग्रुपवर लिहायला शिकवलं, तेवढंच. मावशी लिहू लागल्या आणि थांबेचनात. सकाळी फुलं, दुपारी सुविचार, संध्याकाळी पुन्हा फुलं! बघताबघता सगळ्यांनाच चेव आला आणि पाण्याची वेळ त्या ढिगाखाली गाडली जाऊ लागली. एकदा टाक्या कोरड्या राहिल्या, चार जण दुकानात येऊन तणतणले, तेव्हा नेटभाऊची सटकली. लिहील तो एकटाच, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं, असं त्याने करून टाकलं.

"आता कसं! कामापुरतं काम," लोक म्हणाले. स्वारी खूश. मावशींना नीट समजावायचं राहिलं. समोर तर राहतात, सांगू सवडीने, असं त्याला वाटलं.

सवड काही झाली नाही. आठवडाभरातच मावशी मशीनवरून उठताना पडल्या आणि खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी नेटभाऊची बायको शिवायला टाकलेले पडदे आणायला गेली, तेव्हा जमिनीवर सापडल्या. शुद्ध होती, घसा बसलेला, फोन मुठीत.

दवाखान्यात नेटभाऊने पाटीएवढ्या अक्षरांत लिहून विचारलं, "फोन हातात होता, मग कळवलं का नाहीत?" ग्रुपवरचं लिहिणं बंद केल्याचं तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अरे, कळवत होते की! पण लिहायची जागाच कुठे दिसेना. रात्रभर शोधली. रागावू नकोस हं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार."

नेटभाऊला आत्ता आठवलं, ती जागा त्यानेच काढून टाकली होती. पेन हातातच होतं. पण आजूबाजूला मावशींचे नातेवाईक उभे होते, आणि त्याने नुसती मान हलवली. असेल तसंच, अशी.

ग्रुप त्याच दिवशी त्याने सगळ्यांना खुला केला. मावशी आता दुसऱ्या गावी भाचीकडे असतात, काठी घेऊन चालतात. भाची सांगते, फोनला त्या हातच लावत नाहीत, पुन्हा बिघडवीन म्हणतात. कुणाशी दोन शब्द नाहीत, दिवसभर खिडकीशी बसून असतात.

"एकदा जाऊन सांगून या ना," बायको म्हणते. "त्यांचं काही चुकलं नव्हतं, एवढंच सांगायचंय."

तो हो म्हणतो. अजून गेलेला नाही.