दस्तगीर हकिमांचा दोरा

दस्तगीर हकिमांनी एकदा नाडी धरली की ते सोडत नसत. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या कट्ट्यावर माणूस येऊन बसायचा, हकीम त्याचं मनगट धरून डोळे मिटायचे, ते तो बोलेपर्यंत. हात अडकलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? आधी पोटाचं सांगायचा, मग झोपेचं, मग खरं काय ते. बायकांसाठी दोरा असे. एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं दाराबाहेर बसलेल्या हकिमांच्या बोटांत.

मी दरबारच्या कचेरीत कारकून होतो. आलेल्या पाहुण्यांच्या पदव्या क्रमाने लिहायचं माझं काम. त्यामुळे थाटामाटावरचा विश्वास उडालेला, आणि दोऱ्यावर तर तो कधी नव्हताच.

प्लेगच्या दुसऱ्या साली आक्काची दोन्ही मुलं आठवड्याभरात गेली. नवरा आधीच गेला होता. साथीमुळे गावाबाहेर माळावर बांधलेल्या झोपडीतून माझी ही थोरली बहीण माझ्याकडे आली, ती रडलीच नाही. झाडायची, सारवायची, रांधायची. जेवायची मात्र नाही. वैद्यांचे काढे तसेच पडून राहिले. महिन्याभरात तिला भरली घागर उचलेना, तेव्हा मी हकिमांना बोलावलं.

सात दिवस ते रोज दुपारी आले. आक्का दाराआड, हे सोप्यात. दोघंही गप्प. आठव्या दिवशी त्यांना घेऊन येताना मी विचारलंच, "चाचा, दोऱ्यातनं नाडी कळते?"

"डोंबल कळतंय! पर दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाय, एवढं तिला कळतंय की."

"आणि औषध?"

"दमलेल्या माणसाला औषध कशाला, रावसाहेब? घाई नसलेला माणूस लागतोय. तुमच्या कचेरीत तर ढिगानं असतील."

त्या दिवशी ते स्वतःच थकले होते. सकाळपासून दोन मयतींना जाऊन आलेले. दोरा हातात घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले. हात घसरला, दोरा ओढला गेला. आक्का दारात आली आणि बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

"चाचा, सकाळपास्नं पोटात काय गेलंय का न्हाय?"

हकीम दचकून जागे झाले. "न्हाय, लेकी."

तिने भाकरी आणि झुणका आणला. शेजारी काय म्हणतील ही काळजी माझी. तिला ती नव्हती. हकिमांनी तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"खावा की."

"तुझं ताट कुठाय? मला एकट्याला घास उतरत न्हाय. ल्हानपणापास्नं खोड हाय."

"ह्या वयात कसली थेरं ही!" म्हणत आक्का ताट घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत बसली. पहिला घास तिने रागानेच खाल्ला. दुसऱ्या घासाला तिला रडू फुटलं. हकीम खाली मान घालून जेवत राहिले.

पुढच्या साथीत ते गेले. मातीहून परतताना मी त्यांच्या घरी थांबलो. चुलीपाशी एकच थाळी, एकच पेला. बायको जाऊन वीस वर्षं झाली, शेजारी सांगत होता. तेव्हापासून म्हातारा रोज एकटाच जेवायचा, आणि चांगला पोटभर.