धुराची रेघ

थंडीवरची एक कविता शिकवत होते. धुक्यात बुडालेलं गाव, पानं झडलेली बाभळ आणि एकाच घरातून वर जाणारा धूर. फळ्यावर मी दोन रकाने आखले, निसर्ग आणि एकांत. धूर मी दरवर्षी दुसऱ्या रकान्यात टाकते आणि पुढे लिहिते, 'शांत एकांताचं प्रतीक'. मुलं उतरवून घेतात, परीक्षेतही तेच लिहितात.

सुमन मात्र सारखी खिडकीबाहेर बघत होती. मला राग आला.

"लक्ष कुठंय तुझं? हा धूर काय सांगतो?"

ती उभी राहिली, पण नजर बाहेरच. "आजोबा उठलेत, असं सांगतो, बाई. आज अजून निघाला नाही. रात्रभर खोकत होते, मी निघाले तेव्हा झोपलेलेच होते."

कुणी हसलं नाही. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. सुमनच्या घरी तर ती दोघंच.

"जा, बघून ये," मी म्हणाले. ती पळत सुटली.

आम्ही सगळे खिडकीशी उभे राहिलो. मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हातातल्या खडूचा घामानं चिखल झाला, एवढ्या थंडीत.

बऱ्याच वेळानं सुमनच्या पत्र्यावरून धुराची बारीक रेघ वर चढली.

मी फळ्याकडे वळले आणि 'शांत' हा शब्द पुसून टाकला.